कोठीवरची पहाट

ताई,

गेल्या दिवाळीतली नरक चतुर्दशी तुम्हाला आठवत असेल. सोमवार होता, २० ऑक्टोबर. पहाटेची अंघोळ उरकून, दारात दिवा लावून मी नेहमीसारखी फिरायला बाहेर पडले होते. गल्लीत उटण्याचा आणि फटाक्यांच्या दारूचा वास एकमेकांत मिसळलेला. कोपऱ्यावरच्या आरोग्य कोठीसमोर सफाई कामगारांच्या हजेरीची वेळ झाली होती. झाडू आणि ढकलगाड्या भिंतीला टेकवून, डोक्याला रुमाल बांधलेल्या पंधरा-वीस बाया आणि सात-आठ पुरुष उभे होते. तेवढ्यात तुमची स्कूटर आली. मागच्या सीटवर तुमचा मुलगा, त्याच्या मांडीवर चकल्यांचा डबा आणि पायाशी चहाची मोठी किटली. बरोबर कार्यकर्ते नव्हते, फोटो काढणारा कुणी नव्हता.

तुम्ही चहा ओतत विचारलंत, "अंघोळी झाल्या का?" घरच्या माणसांना विचारावं तसं, सहज. एक बाई म्हणाली, "आज रस्त्याची आधी, आमची दुपारी." सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुमचा हात किटलीवर तसाच थांबला, ते मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. मग तुम्ही बोनसचं विचारलंत. जे कायम होते ते लगेच बोलले. कंत्राटातल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी त्यातली एक म्हणाली, दिवाळी झाल्यावर देतो म्हणालेत. आणि तुम्ही म्हणालात, "बघते मी."

तेव्हा तुम्ही निवडणुकीला इच्छुक होतात. आता नगरसेविका आहात. १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागला, आणि त्या पहाटेच्या "बघते मी" या दोन शब्दांना पहिल्यांदाच अधिकार मिळाला. हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे. अभिनंदनाच्या रांगेत उभं राहून हे सगळं बोलता आलं नसतं. शिवाय ते एकट्या तुमच्याशी बोलायचं नाही. आपल्या प्रभागातले उरलेले तिघे नगरसेवक आणि पुणे शहरातले सगळे १६५ जण यांनाही ते ऐकू जावं, म्हणून पत्र उघडं ठेवते आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ओळखाल.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी उभी नोकरी हिशेबाच्या टेबलावर काढली. निवृत्तीनंतर दर वर्षी महापालिकेचं अंदाजपत्रक वाचते, पेन्सिल घेऊन. एखाद्या बाईला भरतकाम असतं तसं मला हे आहे. त्यामुळे गेल्या चार वर्षांत काय नव्हतं, ते मला आकड्यांच्या रकान्यांतून दिसत होतं.

२०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर कुठे हलल्या. तोवर २०२२, २०२३, २०२४, २०२५ अशा चार दिवाळ्या पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. आणि तरीही त्यातली एकही दिवाळी अशी गेली नाही की माझ्या दाराला उटण्याचं पाकीट अडकवलेलं नव्हतं. आकाशकंदील मिळाले. मुलांच्या किल्ल्यांच्या स्पर्धा झाल्या, दिवाळी पहाटचे कार्यक्रम झाले, सवलतीत साखर-रवा मिळाला. माजी असोत की होऊ घातलेले, लोकांनी ते आपल्या खिशातून आणि आपल्या ओळखीतून केलं. त्यातल्या बहुतेकांच्या मनात प्रेमही असणार, हे मी मानते. एकटीदुकटी राहणारी म्हातारी माणसं त्या पाकिटाची वाट बघतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी अजून ते पाकीट देवापुढे ठेवून मग उघडतात.

पण त्या चार वर्षांनी मला एक गोष्ट स्पष्ट दाखवली. दिवाळीची भेट द्यायला नगरसेवक असावं लागत नाही. ज्याला नगरसेवकच लागतो, ते काम त्या चार वर्षांत झालं नाही. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे, मुख्य सभेचेही त्याच्याकडेच. त्या खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी कायद्याने सोपवलेलं काम केलं. पण एखाद्या कोठीवरची बाई काय म्हणाली ते सभागृहात उभं राहून सांगणारं, त्यावर उत्तर मागणारं आणि ते उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावणारं माणूस शहरात नव्हतं.

आता बोनसचं. मी त्या दिवशी घरी येऊन कागद काढले, कारण त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. महापालिकेच्या कायम सेवकांना दिवाळीला ८.३३ टक्के दराने रक्कम मिळते, वर सानुग्रह अनुदान. तो ८.३३ टक्के आकडा आला १९६५ च्या बोनस कायद्यातून. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. गंमत अशी वाटेल, पण खुद्द महापालिकेच्या सेवकांना तो कायदा लागू नव्हता. त्यात स्थानिक संस्थांचे कर्मचारी वगळलेले होते. त्यांना जे मिळतं ते सभागृहाने, संघटनांनी, वर्षानुवर्षांच्या करारांनी मिळवलेलं आहे. उलट ठेकेदाराकडे काम करणारी माणसं त्या कायद्यात बसतात. वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर बोनस हा त्यांचा हक्क आहे. ती मेहरबानी नाही. आता तो कायदा वेतन संहितेत सामावला आहे, तरी किमान दर तोच राहिला.

मग त्या बायांना दिवाळीआधी का मिळत नाही? कारण कायद्याने मालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत दिली आहे. वर्ष ३१ मार्चला संपतं. आठ महिने मोजा, तारीख येते ३० नोव्हेंबर. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात असो की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ठेकेदार दिवाळी उलटल्यावर पैसे देऊनही कायद्याने बरोबरच असतो. त्याला तुम्ही दिवाळीत जाऊन कितीही रागावलात तरी तो मुदतीवर बोट ठेवेल.

हे बदलायचं कुठे? निविदेत. ठेक्याच्या अटींमध्ये "बोनसची रक्कम धनत्रयोदशीपूर्वी कामगारांच्या बँक खात्यात जमा केल्याशिवाय पुढचं देयक अदा होणार नाही" एवढी एक ओळ घालता येते. ती ओळ दिवाळीत घालता येत नाही, कारण तोवर ठेका दिलेला असतो आणि त्यावर सह्या झालेल्या असतात. ती निविदा तयार होताना, उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्याच्या तोंडावर, आरोग्य खात्याच्या टेबलावर आणि मग स्थायी समितीसमोर घालून घ्यावी लागते. १६ जणांच्या त्या समितीत तुम्ही असाल किंवा नसाल. नसलात तरी समितीतल्या तुमच्या पक्षाच्या माणसाच्या हातात तुम्ही कागद देऊ शकता, आयुक्तांना पत्र देऊ शकता, मुख्य सभेत प्रस्ताव देऊ शकता. त्या पहाटेच्या चहाचं पुढचं काम मे महिन्यात आहे, ताई. उकाड्यात, पंख्याखाली, निविदेच्या मसुद्याची साठ-सत्तर पानं वाचण्यात आहे. तिथे उटण्याचा वास नसतो आणि कुणी धन्यवादही म्हणत नाही. ज्या बाईसाठी ती ओळ घातली, तिला ती कुणी घातली हे कधी कळणारही नाही.

पण तुम्हीच ते करू शकाल असं मला वाटतं, कारण तुम्ही तिला विचारलं होतं.

मुख्य सभेबद्दल थोडं सांगते. १९४९ च्या महापालिका कायद्याने महिन्याला निदान एक साधारण सभा झालीच पाहिजे, तीही महिन्याच्या वीस तारखेपर्यंत. सदस्याला लेखी प्रश्न विचारता येतात आणि त्यांचं उत्तर प्रशासनाला द्यावं लागतं. हा अधिकार मला सगळ्यांत मोठा वाटतो. भाषणाचं पाणी वाहून जातं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापून राहतात, वीस वर्षांनी कुणी उघडून बघितलं तरी सापडतात. तुम्ही पहिल्याच वर्षी फक्त एवढे प्रश्न विचारा: आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत कोठीनिहाय कायम किती, कंत्राटी किती, गेल्या तीन वर्षांत कंत्राटी कामगारांना बोनस कोणत्या तारखांना मिळाला, भविष्य निर्वाह निधी कुणाच्या नावावर किती भरला गेला, हातमोजे, गमबूट, साबण शेवटचे कधी दिले. यातलं एकही उत्तर देणं खात्याला अवघड नाही. आजवर ते कुणी मागितलं नसेल, तर देणाऱ्याच्या मागे लागणारं कुणी नव्हतं एवढंच.

आणि सभेला पूर्ण वेळ बसा. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते, प्रश्नोत्तरांचा तास मागे पडतो, विषयपत्रिका पुढच्या महिन्याला जाते, असं राज्यातल्या कित्येक सभागृहांत घडत आलं आहे. प्रभागात लोक भेटायला थांबलेत म्हणून सदस्य उठून जातात. आमच्याकडे आला नाहीत तर आम्हीही रुसतो, वास्तुशांतीला आला नाहीत म्हणून मनात धरून ठेवतो. ही आमची चूक. यापुढे आमच्या दारातल्या कार्यक्रमाला तुम्ही आला नाहीत आणि त्या वेळी मुख्य सभेत बसला होतात असं कळलं, तर मी आमच्या आळीत तुमच्या बाजूने बोलेन.

आपल्या भाषेने या कामाला शब्द फार मोठा दिला आहे. कायद्याच्या मराठीत तुम्ही "पालिका सदस्य" आहात. लोकांनी मात्र "नगरसेवक" हाच शब्द उचलला. सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाटप येतं, रांग येते, टोपली येते. या शहरात दीडशे वर्षांपूर्वी एक पालिका सदस्य होऊन गेले. त्यांनी सेवा या शब्दाचा वेगळा अर्थ करून दाखवला. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. जोतीरावांचं म्हणणं, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. प्रस्तावाच्या विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. कंदील, कमानी, रोषणाई यांची हौस त्या काळीही होती आणि पैसाही पालिकेचाच होता. पुढे भाजीबाजारासाठी मोठी इमारत उभी करायचं ठरलं, तेव्हाही एवढा पैसा आधी शिक्षणावर का नाही, म्हणून त्यांनी विरोध केला. ती इमारत उभी राहिली, १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झाली, आणि पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना तिला त्याच विरोध करणाऱ्या माणसाचं नाव मिळालं. आज तुम्ही दिवाळीची झेंडूची फुलं आणायला महात्मा फुले मंडईत जाता. मी तिथे गेले की उंच छताकडे बघते आणि मला त्या एकट्या मताची आठवण होते. सभागृहात हरलेलं मत वाया जात नाही, ते कार्यवृत्तात राहतं. म्हणून सांगते, एखाद्या विषयावर तुम्ही एकट्या पडलात तरी विरोध नोंदवा, आणि तो लेखी नोंदवा.

आता जे बोलणार आहे ते थोडं बोचेल, पण बोललं पाहिजे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात. पाच लाखांपर्यंतचं काम, एक अर्ज भरायचा, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पहिल्याच वर्षांत मी एक अर्ज भरला होता. बसथांब्याजवळ म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाक हवा होता. बाक आला. मला केवढा आनंद झाला होता! मग एक दिवस त्या बाकाच्या पाठीवर एक नाव रंगवलेलं दिसलं, "संकल्पना" या शब्दाखाली. ते कुणाचं होतं ते सांगत नाही, आता त्याला काही अर्थ नाही. बाकाचा पैसा कराचा होता, माझा, तुमचा आणि त्या कोठीवरच्या बाईचासुद्धा, कारण ती साबणाची वडी घेते तेव्हाही कर भरते. आपण खिशातून दिलेली भेट आणि सगळ्यांच्या पैशातून झालेलं काम यांच्यातली रेघ इथे पुसली जाते. उटण्याच्या पाकिटावर तुमचं नाव असू दे, ते तुमच्या पैशाचं आहे. अंदाजपत्रकातल्या नगरसेवकांच्या कामांच्या "स" यादीतून बसवलेल्या बाकावर, कमानीवर, बागेच्या फाटकावर ते नसावं. आपल्या प्रभागात यापुढे बोर्ड लागेल तो कामाचा: खर्च किती, ठेकेदार कोण, दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने दुरुस्ती करून द्यायची, मुदत कधी संपते. पाच वर्षांत पुन्हा खड्डा पडला तर तो बोर्ड वाचून कुणालाही विचारता यायला हवं.

आणि फ्लेक्स. मालमत्ता विद्रूपणाला बंदी घालणारा कायदा १९९५ पासून आहे. उच्च न्यायालयाने या विषयावर किती वेळा बजावलं, त्याची मोजदाद मी सोडून दिली. दिवाळी संपली की ते फ्लेक्स काढायला शिडी घेऊन याच कोठीवरची माणसं येतात. शुभेच्छा देणाऱ्याचा चेहरा गुंडाळून त्यांनाच ट्रकमध्ये टाकावा लागतो. या वर्षी तुमचा एकही फ्लेक्स लागला नाही, तर त्यांचं तेवढं काम कमी होईल.

वर्गीकरण हा शब्द तुमच्या कानावर लवकरच पडेल. मार्चअखेरपर्यंत सभागृहाने अंदाजपत्रक मंजूर करायचं. मग वर्षभर एका शीर्षकाखालचा पैसा दुसऱ्या शीर्षकाकडे वळवायचे प्रस्ताव येत राहतात. त्याला वर्गीकरण म्हणतात. काही वेळा ते गरजेचं असतं. पण मी पेन्सिलने खुणा करत वाचते तेव्हा दिसतं की सांडपाणी, शाळा, दवाखाना, कामगारांची विश्रांतीची खोली यांच्यासाठी ठेवलेला पैसा हलतो आणि पुन्हा पुन्हा काँक्रीट, पदपथाच्या फरश्या, सुशोभीकरण यांच्याकडे जातो. सुशोभीकरण डोळ्यांना दिसतं. गमबूट दिसत नाहीत. कोठीत बायांना कपडे बदलायला आडोसा आहे की नाही, ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. तुम्ही बाई आहात, त्या कोठीत आत जाऊन आलेल्या आहात, तुम्हाला ते दिसलं असेल. म्हणूनच सभागृहात बाया असाव्यात असं आम्ही म्हणत होतो.

हा मुद्दा माझ्या जवळचा आहे. २०११ साली राज्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा ठेवल्या आणि २०१२ च्या निवडणुकीत पुण्यात पहिल्यांदा निम्म्या सभागृहात बाया बसल्या. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, नवऱ्याच्या जागी बसतील आणि सही करतील. काही ठिकाणी तसं झालंही. पण आपल्याकडे उदाहरण जुनं आहे. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, तेव्हा आरक्षण नव्हतं. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या अशा लढल्या की "पाणीवाली बाई" हेच त्यांचं नाव झालं. पुढे १९७२ च्या सुमाराला महागाईविरोधात त्यांनी आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो गृहिणींना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. तेल, साखर, रॉकेल, म्हणजे ज्याच्यावाचून फराळ होत नाही ते सगळं त्यांच्या मागण्यांत होतं. स्वयंपाकघरातलं दुःख सभागृहात कसं न्यायचं ते त्या बायांना माहीत होतं. तुमचा चकल्यांचा डबा मला त्या लाटण्यांच्या जातीचा वाटतो. तो कोठीवरच थांबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

गेल्या दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळचंही सांगायला हवं. मंगळवारी लक्ष्मीपूजन झालं, बुधवारी सकाळी आमच्या गल्लीत जमीन दिसत नव्हती. लाल कागदाचा खच, फुटलेल्या पणत्या, थर्माकोल, मिठाईची खोकी. त्या दिवशी आम्ही सगळे नवे कपडे घालून ओवाळून घेत होतो आणि "स्वच्छ"च्या कचरावेचक बाया दारोदार कचरा घेत होत्या. त्यांच्या मागे मोठा इतिहास आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली. त्यातून पुढे "स्वच्छ" ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक तिच्यात आहेत. त्या महापालिकेच्या नोकर नाहीत, ठेकेदाराच्याही नाहीत, त्यामुळे त्यांना कायद्याचा बोनस कुठूनच येत नाही. आम्ही दर महिन्याला देतो ते शुल्क आणि भंगार विकून मिळतं ते, एवढीच त्यांची कमाई. त्यांना दिवाळी देण्याचं काम आमचं आहे, तुमचं नाही. आमच्या सोसायटीने गेल्या दिवाळीत एका महिन्याचं शुल्क जास्त दिलं. सगळ्या सोसायट्यांनी ते द्यावं म्हणून मी दारोदार फिरायला तयार आहे. पण त्यांच्या करारावर सभागृहात चर्चा येईल, हे काम यंत्रांच्या नावाखाली मोठ्या ठेक्यात घालायची टूम निघेल, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणं हे तुमचं काम. दिवाळीआधी घरोघरच्या जुन्या वस्तू गोळा करायची मोहीम याच बाया चालवतात. घरं आमची, पण साफसफाईचा शेवट त्यांच्या हातांनी होतो.

तुम्ही भेटायचं कुठे, हाही प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेवर आखलेला चार जणांचा प्रभाग म्हणजे ऐंशी हजारांच्या घरातली वस्ती. आणि तो आकडा पंधरा वर्षं जुना आहे, आता माणसं त्याहून पुष्कळ जास्त. चौघांपैकी कुणाकडे जायचं, हे लोकांना कळत नाही. चौघांनाही वाटतं की दुसरा बघेल. यावर कायद्यात एक सोय २००९ पासून आहे: क्षेत्रसभा. मतदान केंद्रांच्या टापूतले सगळे मतदार एकत्र बसतात, नगरसेवक अध्यक्ष असतो, कामांचा क्रम लोक ठरवतात. गावाला ग्रामसभा, तशी शहराला ही. ती बोलवा. पहिली क्षेत्रसभा आमच्या सभागृहात घ्या, सतरंज्या मी घालते. आणि कोठीवरच्या कामगारांपैकी जे आपल्याच प्रभागाच्या वस्तीत राहतात, त्यांना त्या सभेला मतदार म्हणून बोलवा. सणाला भेटलेली माणसं सभेत समोर बसली की बोलणं वेगळं होतं.

चहा, चकल्या बंद करा असं मी म्हणत नाही. या पत्राचा तसा अर्थ कुणी काढला तर मला फार वाईट वाटेल. त्या पहाटेला तुम्ही तिथे गेला नसता, तर तो प्रश्न तुम्हाला कधी कळलाच नसता. मुख्य सभेच्या खुर्चीत बसून कोठी दिसत नाही. माझ्या अंदाजपत्रकाच्या पानांतूनही ती बाई दिसली नव्हती, एवढ्या वर्षांच्या वाचनात. ती मला तुमच्या प्रश्नामुळे दिसली. शिरखुर्म्याला जा, नाताळात चर्चच्या दारात उभ्या राहा, पालखीच्या दिवशी वारकऱ्यांचे पाय चेपा. फक्त प्रत्येक ठिकाणाहून घरी आलात की वहीत एक ओळ लिहा: इथे काय कमी दिसलं, आणि ते कोणत्या खात्याच्या कोणत्या शीर्षकाखाली येतं. ती वही अंदाजपत्रकाच्या सभेला बरोबर न्या. आकडे शोधायला, शीर्षकं लावायला कुणी हवं असेल, तर मी दुपारी दोन ते पाच मोकळी असते. पेन्सिल आहेच.

या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं आहे, रविवारी, ८ नोव्हेंबरला. म्हणजे त्या बायांची पहाटेची अंघोळ आणि संध्याकाळची पूजा, दोन्ही त्याच एका दिवसात बसवायच्या. शुक्रवारी, ६ तारखेला धनत्रयोदशी. त्या शुक्रवारपर्यंत कुणाच्या खात्यात काय जमा झालं ते मी कोठीवर जाऊन विचारणार आहे. रविवारी सहाच्या हजेरीला तुम्ही याच. चकल्या तुमच्या, किटली या वेळी मी आणते.

तुमची,
गल्लीतली एक मतदार